अकरा नंबरचा बावटा

रायगडच्या किनाऱ्याला आकड्यांतून इशारा घेण्याची सवय स्मार्टफोनच्या कितीतरी आधीची. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला की बोटी गुमान खाडीत शिरतात. दहा म्हणजे महासंकट. सगळे मिळून अकराच आकडे. तेवढ्यात अख्ख्या अरबी समुद्राचा संताप मावतो.

फोनला मात्र अकरा पुरत नाहीत. भाऊबंदांचा ग्रुप, दहावीची बॅच, मांडव्याच्या बोटीची चौकशी करणारे, शिवाय रोज उगवणारी गुलाबाची फुले. २०२२मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने एका ग्रुपची मर्यादा १०२४ सदस्यांवर नेली. म्हणजे अख्खे आवाठ एकमेकांना सुप्रभात म्हणू शकते. ‘समुद्रात जाऊ नका’ हा निरोप मग वाढदिवसाच्या दोन केकांच्या फोटोंमधे दबतो. ग्रुप कायमचा म्यूट करण्याची सोय २०२०पासून आहे. आवाज बंद होतो, न वाचलेल्या निरोपांचा आकडा फुगतच राहतो. ग्रुप सोडायचा? मग लग्नाला तोंड कसे दाखवायचे!

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने हा प्रश्न परस्पर सोडवला. वीज गेली, श्रीवर्धनकडे कित्येक दिवस रेंज नव्हती. बंदराच्या यादीत याचीही सोय आहे: अकरा नंबर, म्हणजे इशारा केंद्राशी संपर्क तुटला.

व्हॉट्सअ‍ॅप न पोचलेले निरोप ३० दिवस जपून ठेवते. त्यामुळे रेंज परतल्यावर ‘वादळ येतंय, जपा’ हेही इमानेइतबारे येऊन पडले असणार, आकड्यासकट.