निकाल फिरवणारे दादूस

क्वीन या ब्रिटिश बँडचं सर्वांत भारी गाणं कोणतं, हा प्रश्न भिवंडीत कुणाला पडत नाही. दादूस तो पाडतात. वय पन्नाशीच्या पुढं, अंजूरफाट्याच्या गोदामांचं भाडं घरबसल्या येतं, त्यामुळे वेळेला तोटा नाही. आणि बालपण यंत्रमागांच्या खडखडाटात गेल्यामुळे हळू बोलणं ठाऊक नाही. असे दादूस गावोगाव असतात. कुणी भीमसेनजींचा सर्वोत्तम अभंग ठरवतो, कुणी सचिनचं सर्वोत्तम शतक. आमच्या वाट्याला फ्रेडी मर्क्युरी आला.

फ्रेडी त्यांना घरचा वाटतो. जन्म १९४६ चा, झांझिबारचा. शाळा पाचगणीची सेंट पीटर्स. पहिला बँडही तिथल्याच पोरांचा. इथपर्यंत पुष्कळांना माहीत असतं. दादूस पुढं जातात. खरं नाव फारुख बुलसारा, म्हणजे घराणं बुलसारचं, म्हणजेच आजच्या वलसाडचं. "भिवंडी रोडला गाडीत बस, वसईला बदल, सरळ वलसाड. आपल्याच लाइनचा पोरगा!"

वर्षानुवर्षं त्यांचा कौल 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला होता. १९७५ चं, जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. एवढं लांबलचक रेडिओवर कोण लावणार म्हणून कंपनी कुरकुरत होती. हे ते अशा थाटात सांगत, की कंपनीची समजूत यांनीच काढली असावी. शेजारच्या कारखान्याचे शेठही त्याच पक्षाचे. त्यांचं कारण सुटसुटीत होतं : "उसमें बिस्मिल्ला है, दादूस. बात खतम."

मग २०१८ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला आणि घात झाला. पानवाला ते गाणं गुणगुणू लागला, पुतण्यानं रिंगटोन केली. ज्या मताला कुणी विरोधच करत नाही, ते बाळगणं दादूसना परवडत नाही. आठवड्याच्या आत ऱ्हॅप्सडी 'तशी बरी' झाली.

जागा रिकामी झाली. 'वी विल रॉक यू' थोडे दिवस टिकलं. पण दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची, एवढ्यावर उभं असलेलं गाणं आगरी हळदीच्या डीजेच्या तावडीतून सुटतंय थोडंच! सगळी वऱ्हाडी मंडळी पाय आपटताना पाहून दादूस जेवायच्या आधीच घरी गेले. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बास वाजवणाऱ्या जॉन डीकनचं, 'रेडिओ गागा' ड्रमवाल्या रॉजर टेलरचं. चौघंही गाणी लिहिणारे, त्यामुळे नापसंतीची सोय कायम राहते.

सध्या गादीवर 'थर्टीनाइन' आहे. गिटारवाल्या ब्रायन मेचं. हा गृहस्थ पुढं २००७ मध्ये खगोलभौतिकीत रीतसर डॉक्टरेट झाला. गाण्यातले अंतराळप्रवासी त्यांच्या हिशेबानं वर्षभरात परततात, तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली. हे सगळं दादूसनी मला माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये, दोन कंटेनरांच्या मधे अडकलेल्या गाडीत समजावलं.

"आइन्स्टाइन कशाला लागतो? आपण ठाण्याला जाऊन परत येतो तेव्हा दुसरं काय होतं?"

ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. "पण दादूस, त्यांचं यान हलत तरी होतं."

विरोध! दादूस मांडी घालून बसले, आणि ब्रायन मेची बाजू त्यांनी खारेगाव येईपर्यंत लढवली.