मीठ बेताचं

बाकूच्या सहलीत तिसऱ्या दुपारी 'खरेदीसाठी मोकळा वेळ' होता. मंडळी गालिचे बघायला गेली, आम्ही दोघं तेझे बझारात शिरलो. तेझे म्हणजे नवा. आपल्या 'ताजा'चा सख्खा भाऊ. डाळिंबं आणि लोणच्याच्या बरण्या मागे टाकतोय तोच एका आजोबांनी काउंटरवरून चहाचा पेला सरकवला आणि पत्ता विचारावा तसं हळूच विचारलं, "कुरू?"

कुरू म्हणजे कॅव्हिअर. चहा पिऊन झाल्यावर 'नको' म्हणायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. आजोबांनी फ्रिजमधून डबी काढली. आत काळसर, चकचकीत, मोहरीहून जरा टपोरे दाणे.

"गाबोळी!" हिने डोकावून निकाल दिला. ही मालवणची. "अहो, हिच्यासाठी एवढे पैसे? आमच्याकडे माशाच्या पोटातून तशीच येते."

आजोबांना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. मोडक्या इंग्रजीत त्यांनी स्टर्जन माशाची तीन घराणी सांगितली: बेलुगा, ओसेत्रा, सेवरुगा. बेलुगाची मादी १५-२० वर्षांची होईपर्यंत अंडीच धरत नाही. एवढा धीर माणसाला कुठला? कॅस्पियनमधला मासा इतका ओरबाडला गेला की १९९८पासून सगळ्याच स्टर्जनांच्या व्यापारावर 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आलं. आता डबीत येतो तो बहुतेक मत्स्यशेतीतला माल, आणि त्यात चीन सगळ्यांच्या पुढे. हे शेवटचं आजोबा बोलले नाहीत; मी वाचलं होतं.

डबीवर लिहिलं होतं 'मालोसोल'. रशियनमध्ये याचा अर्थ 'थोडं मीठ'. आमच्या घरी या शेऱ्यावर आमटी परत जाते, इथे त्याचेच जास्त पैसे.

चव घ्या म्हटल्यावर मी सवयीने तीर्थाला करतात तसा तळवा पुढे केला. आजोबांनी मनगट धरून हात पालथा केला आणि अंगठा नि तर्जनीच्या मधल्या खळग्यात चिमूटभर दाणे ठेवले. हाताची ऊब लागेपर्यंत क्षणभर थांबायचं, मग अलगद जिभेवर घ्यायचं. चावायचं नाही, टाळूवर दाबायचं. दाणे पुटपुट फुटले. आधी समुद्र आला, मागून लोणी, आणि अगदी शेवटी, सगळं संपलं असं वाटत असताना, अक्रोडासारखं काहीतरी. मी डोळे मिटले. ही मात्र आपला हात हुंगत होती.

"वास राहिला नाही. ताजी आहे."

आजोबांनी तिला वाकून नमस्कार केला. खऱ्या पारख्याची परीक्षा हीच म्हणे. मग अर्धा तास घासाघीस झाली (ही मराठीत, ते अझरबैजानीत) आणि ३० ग्रॅमची डबी आमची झाली.

रात्री हॉटेलवर नवा पेच पडला. कॅव्हिअरला चांदीचा चमचा चालत नाही, चव बिघडते, शिंपल्याचा लागतो. विमानातल्या जेवणातला प्लास्टिकचा चमचा हिने 'असू दे' म्हणून पर्समध्ये टाकला होता. प्लास्टिक चालतं! पावाला लोणी फासून, वर दाणे पसरून आम्ही डबी पुसून संपवली. लिंबू मी पिळू दिलं नाही.

"बरी आहे," ही म्हणाली, "पण रवा लावून तळली असती तर..."

साइट्सच्या नियमांत प्रवाशाला माणशी १२५ ग्रॅमपर्यंत सूट आहे. आम्ही फक्त रिकामी डबी आणली. तिच्यात आता मोहरी आहे.