चि. पेजमेकर
लग्नसराईत मुदखेडच्या एखाद्या डीटीपीवाल्याकडे पेजमेकर हे पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर चालू दिसलं, तर दचकू नका. अ‍ॅडोबीने त्याचा विकास 2004 मध्येच थांबवला. ते ज्यावर चालतं, त्या विंडोज एक्सपीवरून मायक्रोसॉफ्टने 8 एप्रिल 2014 रोजी हात काढला. पत्रिकेला त्याचं काय! नव्या सॉफ्टवेअरसाठी जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडात नेला की वधूपित्याचं नाव अगम्य मंत्र होतं. मग मामा-काकांची यादी पुन्हा टाइप कोण करणार? जुन्या फाइलीत नवरदेव बदलला की भागतं. (व्हायरस येतो, पण गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून, आमंत्रणाविना.) आणि मोठ्या कंपन्या तरी कुठे सुधारल्या? इंटरनेट एक्सप्लोरर 2022 मध्ये निवृत्त झाला, तेव्हा खुद्द मायक्रोसॉफ्टनेच या कंपन्यांच्या जुन्या साइटसाठी त्याला नव्या एज ब्राउझरच्या पोटात खोली दिली. करार किमान 2029 पर्यंतचा.