मॅटर हायपॉवरकडे आहे

नुसती समिती नेमली की लोक हसतात. म्हणून सरकार हायपॉवर कमिटी नेमतं. कागदोपत्री ती 'उच्चाधिकार समिती' असते, पण मंत्रालयाच्या जिन्यात एवढं लांबलचक कोण बोलतो? 'तुमचं मॅटर हायपॉवरकडे गेलंय,' म्हटलं की ऐकणारा काय ते समजतो आणि गावाकडची एसटी धरतो.

ही हाय पॉवर कुठे असते ते पाहायला शासन निर्णय उघडावा. वर अध्यक्ष, सदस्य, विशेष निमंत्रित, सदस्य-सचिव. खाली कार्यकक्षा: आढावा घेणे, अभ्यास करणे, शिफारस करणे. तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. म्हणजे पॉवर राज्यपालांची, आणि राज्यपाल वागणार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. त्या मंत्रिमंडळाला सल्ला हवा म्हणून तर समिती!

सीमाप्रश्नच घ्या. महाजन आयोग १९६६ चा, अहवाल १९६७ चा, तो आपण फेटाळला. २००४ साली सुप्रीम कोर्टात गेलो. शिवाय उच्चाधिकार समिती आहेच: अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री, सदस्य सर्वपक्षीय दिग्गज. एरवी एका व्यासपीठावर न मावणारी ही मंडळी एका यादीत मावतात, हे कर्तृत्व मान्य करायला हवं. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्नाचे दोन समन्वयक मंत्री बेळगावला निघणार होते. कर्नाटकचे मुख्यमंत्री म्हणाले, येऊ नका. तारीख पुढे गेली, मग दौराच बारगळला. कोल्हापूरहून बेळगाव दोन-अडीच तासांवर. एसटीने कुणीही जातो. त्याला पॉवर लागत नाही.

उलट तलाठी बघा. नावाला ना हाय, ना उच्च. पण वारसनोंद अडली की भल्याभल्यांची मान खाली जाते. सज्जाच्या कार्यालयाबाहेर चपला काढून माणूस विचारतो, 'भाऊसाहेब, फेरफाराचं काय झालं?' भाऊसाहेब मान वर न करता म्हणतात, 'सर्व्हर डाऊन आहे.' संपलं. ना कार्यकक्षा, ना शिफारस.

२०२४ साली सरकारने या तलाठ्याचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. नावात 'अधिकारी' शिरला, तेव्हापासून आम्हाला भाऊसाहेबांची काळजी वाटते आहे.