फुल फंडिंग

चेन्नईच्या आयआयटीत वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत. आमचा हा नाशिककर नेमका 'गोदावरी'त राहतो, पण त्याचा सगळा जीव मिसिसिपीत. ड्युअल डिग्रीचं शेवटचं वर्ष. 'फंडेकर' हे त्याचं आडनाव नव्हे, हॉस्टेलने दिलेली पदवी.

भेटला की पहिला प्रश्न, "जीआरई किती?" 340 पैकी 325 सांगा, एक्स-रे बघणाऱ्या डॉक्टरसारखी मान हलवेल. "एमएसला पैसे कोण देतो? पीएचडीला लाव. फी माफ, वर स्टायपेंड. दोन वर्षांनी मास्टर्स घेऊन निसट." हे शेवटचं वाक्य मात्र कुजबुजत. शेजारच्या टेबलावर त्याचे गाईड चहा पीत असतात.

पाचव्या वर्षी घरातला रेडिओ खोलला आणि सिग्नल प्रोसेसिंगची ओढ लागली, असं त्याच्या एसओपीत आहे. वडील म्हणतात, रेडिओ दुरुस्तीवाल्याने खोलला, आणि पैसे मी दिले. शिफारसपत्रांचे मसुदे सर लोक मुलांनाच लिहून आणायला सांगतात. ती सगळी मुलं फंडेकरकडे येतात. त्यामुळे यंदा एकाच वर्गात 'दशकातले सर्वोत्तम विद्यार्थी' बरेच निघालेत.

डिसेंबरात रोज संध्याकाळी साडेसातला तो अमेरिकन प्राध्यापकांना मेल टाकायचा. "बोस्टनला नऊ वाजलेत, आत्ता माणूस ताजा असतो." उत्तरं येत नसत, पण मेल वेळेवर जात.

वडिलांनी सिडकोतला फ्लॅट तारण ठेवायची तयारी दाखवली, तर हा दुखावला. 1892 पासून चाललेल्या टाटा एंडोमेंटचं नाव काढलं, तर म्हणाला, "तेही कर्जच. परत करायचे पैसे म्हणजे फंडिंग नव्हे." बहिणीचं लग्न ठरल्याचं आईने फोनवर कळवलं, तेव्हा त्याने विचारलं, "कार्यालयाचा खर्च ते फुल देणार की पार्शल?"

विमानतळाजवळच्या व्हिसा गणपतीला तो प्रवेश मिळायच्या आधीच जाऊन आला. जेमिनी पुलाजवळच्या वकिलातीची रांगही फुटपाथवरून बघून ठेवलीय.

आता निकाल येताहेत. पैशांसकट आलेल्या प्रस्तावाला उत्तर द्यायला तिकडची बहुतेक मोठी विद्यापीठं 15 एप्रिलपर्यंत मुदत देतात. तेव्हा मुलीसाठी त्याच्यावर नजर ठेवून असाल, तर तोवर थांबा. "विचार करून कळवतो" म्हणाला, तर तुम्ही वेटलिस्टवर आहात.