अप्पाकाकांचा फेस

बदलीच्या नोकरीत आयुष्य काढलेला माणूस गावं कशावरून लक्षात ठेवील, याचा नेम नसतो. कुणी स्टँडवरच्या भज्यांवरून, कुणी घरमालकिणीच्या स्वभावावरून. आमचे अप्पाकाका साबणावरून ठेवतात. बँकेत चौतीस वर्षं, अकरा बदल्या. लातूरचा विषय काढा, ते म्हणणार, "दोन महिन्यांत सात वड्या." दर्यापूर म्हटलं की नुसतेच डोळे मिटतात. तो खारपाणपट्टा. तिथे आंघोळीचा फेस तोंडाला आला, अंगाला कधी आला नाही, असं त्यांचं म्हणणं.

शाळेत आपण सगळेच सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकतो आणि परीक्षा झाली की विसरतो. काका तेवढंच लक्षात ठेवून बाकीची शाळा विसरले. त्यांच्या बॅगेत खोकल्याच्या औषधाची एक रिकामी, धुऊन लख्ख केलेली बाटली असते. कुणाच्याही घरी मुक्कामाला गेले की चहाच्या आधी ते नळाचं पाणी मागतात. अर्धी बाटली भरायची, नखानं खरवडलेला साबणाचा कीस त्यात टाकायचा, अंगठ्यानं तोंड दाबून कानाशी धरून खळखळवायची आणि खिडकीशी उजेडात धरायची. वर फेस आणि खाली नितळ पाणी दिसलं, तर यजमानाकडे कौतुकानं बघतात. फेस नाममात्र आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं, की आवाज खाली आणून विचारतात, "बोअर का?" एकदा एका घरी लग्नाची बोलणी चालली होती. मुलगी पसंत, पत्रिका जुळलेली. काका बाटली घेऊन मोरीतून बाहेर आले आणि म्हणाले, "स्थळ उत्तम आहे. मुलीचे केस मात्र वर्षभरात काथ्या होतील."

त्यांचं शास्त्र चुकीचं नाही, हीच तर पंचाईत आहे. काळ्या पाषाणात मुरलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं. साबणातली मेदाम्लं त्यांना जाऊन चिकटतात आणि फेसाऐवजी चोथा होतो. बादलीच्या आतल्या कडेला जे पांढुरकं कडं धरतं, ते हेच. काका परक्याच्या घरीसुद्धा त्या कड्यावरून बोट फिरवतात आणि बोट सगळ्यांना दाखवतात. गिझरच्या कॉइलवरची पांढरी खपली त्यांनी आगपेटीत जपून ठेवली आहे. लोक परदेशातली नाणी ठेवतात तशी.

साबण घ्यायला त्यांच्याबरोबर कधी जाऊ नये. चष्मा बदलून ते वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचतात. टीएफएम, म्हणजे साबणात तेलातुपाचा खरा ऐवज किती, तो आकडा. ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पहिली प्रत, ७० ला दुसरी, ६० ला तिसरी. आणि वेष्टनावर ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल, तर ४० वरही भागतं. "बार म्हणतात, साबण म्हणत नाहीत. वाच, वाच!" हे ते इतक्या जोरात म्हणतात की शेजारचं गिऱ्हाईक हातातली वडी परत ठेवतं. दुकानदार एकदा वैतागून म्हणाला, "काका, साबण घेताय की एफडी करताय?" काका शांतपणे म्हणाले, "व्याजदर बघितल्याशिवाय मी दोन्ही करत नाही."

पण आकड्यावरही त्यांचा आंधळा विश्वास नाही. "लातुरात पहिल्या प्रतीचा साबण नेलास, तर चोथाही पहिल्या प्रतीचा निघतो," हे त्यांचंच वाक्य. जड पाण्याला खोबरेल तेलाचा साबण. तो खाऱ्या पाण्यातही फेस धरतो, म्हणून जहाजावरचे खलाशी तोच वापरत. डोक्याला रिठा, कारण रिठ्याचं कॅल्शियमशी भांडण नाही. म्हैसूरच्या चंदनाचा विषय निघाला, की पहिल्या महायुद्धात लाकूड परदेशी जाईना म्हणून १९१६ साली संस्थानानं तेल काढायला घेतलं, इथून ते सुरुवात करतात. दिवाळीचे चार दिवस मात्र सगळं शास्त्र खुंटीला टांगून मोती साबण. तो कुठल्याच साबणदाणीत मावत नाही, याबद्दल त्यांना तक्रारही नसते.

असा हा माणूस गेल्या मे महिन्यात संगमेश्वराकडे एका लग्नाला आला. जांभ्यातली विहीर, पावसानं युगानुयुगं धुतलेली जमीन, पाण्यात क्षार जवळजवळ नाहीतच. बाटलीत एवढा फेस आला की अंगठ्याखालून बाहेर उसळला. काकांचे डोळे भरून आले. पहाटे सगळ्यांच्या आधी ते पंचा घेऊन न्हाणीत शिरले. बंब तापलेला, घंगाळ भरलेलं. हात मात्र लातूरचे. सवयीनं त्यांनी वडी अंगावर चांगली बारा-पंधरा वेळा फिरवली.

पाऊण तास झाला तरी आतून तांब्याचा आवाज थांबेना. बाहेर अकरा माणसं, त्यात हळद लागलेला नवरदेव. मी दार वाजवलं.

"काका, आटपा. विहिरीनं तळ गाठलाय."

"अरे, निघतच नाहीये!"

"काय निघत नाहीये?"

"साबण! अजून बुळबुळतंय!"

"अहो, सुफेन पाण्यात तसंच लागतं. तुम्हीच सांगितलंत ना? लातूरला अंग करकरीत लागतं, ती स्वच्छता नव्हे, चोथ्याची पुटं असतात म्हणून."

आत थोडा वेळ शांतता. मग अगदी बारीक आवाज आला, "ते मला ठाऊक आहे रे. या कातडीला कोण सांगणार?" आणि पुन्हा तांब्या बुडल्याचा आवाज.

शेवटी यजमानांनी पंप लावला. न्हाणीतला फेस पन्हळीतून माडाच्या आळ्यात उतरला आणि तिथून तुळशीपर्यंत पोचला. काका बाहेर आले ते लोण्याच्या गोळ्यासारखे, पण चेहरा पडलेला. पंचानं दंड पुसत प्रत्येकाला विचारत होते, "बघ रे, राहिलाय का?"

परत निघताना मात्र त्यांनी विहिरीचं पाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये भरून घेतलं. कॅनवर चिकटपट्टी लावून ‘सुफेन’ असं लिहिलं आणि गाडीत मांडीशी धरून पुण्यापर्यंत आणलं. रविवारी निवांत, वडी दोनदाच फिरवून, शास्त्रशुद्ध आंघोळ करायची असं ठरलं होतं.

रविवारी मी मुद्दाम गेलो. कॅन रिकामा. काकू ओट्याशी कुकर उघडत होत्या.

"बघितलीस का तूर? या बोअरच्या पाण्यात सहा शिट्ट्यांनाही दाद देत नाही. आज तिसऱ्या शिट्टीला नुसती मेण!"

काका दारात पंचा खांद्यावर टाकून उभे होते. दुसऱ्या हातात खोबरेलाची वडी. ते बराच वेळ डाळीकडे बघत राहिले.