भिंतीवरून काई

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या अंगणामधली भिंत कंबरेएवढीच आहे. सकाळी तिच्यावर काकूंच्या पापड्या वाळतात, दुपारी गल्लीतलं मांजर झोपतं आणि साडेपाचपासून दिवेलागणीपर्यंत ती आम्हा दोघींची. भैरवगढात राहते म्हटलं की उज्जैनमधले लोक आधी विचारतात, "आत कोण आहे?" कारण सेंट्रल जेल इथंच. दुसरा प्रश्न बाटिकच्या चादरींचा. तिसरा कालभैरवाच्या प्रसादाचा, तो इथं लिहीत नाही.

मध्यंतरी मी भिंतीला टेकले तेव्हा काकू मेथी निवडत होत्या.

"तोंड का उतरलंय? सासूबाई काही बोलल्या?"

"नाही हो. टाकी परत हिरवी झाली."

"गच्चीवरची? झाकण उघडं राहिलं असेल."

"माशांची."

"हां, काई!" काकू म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. मी माहेरची सांगलीची, तिकडे शेवाळ म्हणतात. काकूंचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलेलं. एवढ्या पिढ्यांत मराठी टिकली, पण शेवाळाची काई झाली. माझीही होते आहे.

या टाकीची कथा अशी. आमच्या ह्यांना कुणीतरी सांगितलं की ईशान्य कोपऱ्यात पाणी हवं, त्यात मासे हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा. आमच्या हॉलचा ईशान्य कोपरा म्हणजे पूर्वेची खिडकी. सकाळी सातपासून दहापर्यंत तिथं असं ऊन येतं की पूर्वी मी तिथं हळद वाळवायची. म्हणजे शास्त्राप्रमाणे लक्ष्मी जिथून येते, नेमकी तिथूनच काईही येते. हे मी ह्यांना एकदा बोलून दाखवलं. दोन दिवस अबोला होता.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर छप्पन लिटर, प्रत्यक्षात पन्नास. दुकानदार म्हणाला, नऊ गोल्डफिश आरामात राहतील. त्यातला एकेक पुढे तळहाताएवढा होतो, हे तो बोलला नाही. नागपंचमीला नागचंद्रेश्वराचं दार वर्षातून एकदा उघडतं, त्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला विचारा, आराम म्हणजे काय.

"तुरटी फिरव," काकू म्हणाल्या. "नाहीतर तांब्याचा पैसा टाक. आमच्या आजीकडे विहिरीत टाकायचे, पाणी कसं नितळ."

ओसरीवरच्या वर्तमानपत्रातून आवाज आला, "नको."

काकांचा आवाज. काका शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते पेपरच्या आडून बोलतात, तेही काकू चुकल्या तरच. त्यामुळे बरंच बोलतात.

"तांबं काईला मारतं, हे खरं," पेपर म्हणाला. "पण टाकीतल्या गोगलगायी त्याआधी मरतील. दुकानात काई मारायचं औषध मिळतं, त्यातल्या कितीतरी बाटल्यांत तांबंच असतं. आणि मेलेली काई जाते कुठं? तिथंच कुजते. मग नवी काई तिच्यावर जेवते."

"आणि आताचा रुपया स्टीलचा आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर शिप्रेत टाकूनही काही होत नाही," काकू म्हणाल्या, आणि तिथून गाडी कोपऱ्यावरच्या नव्या बंगल्यावर गेली. त्यांनी पाच फुटांची टाकी आणलीय, आत अरोवाना. त्या एका माशाची किंमत म्हणे मुलीच्या साखरपुड्याच्या अंगठीपेक्षा जास्त. "मासा घरात, मुलगी मात्र पुण्याला, आणि साखरपुडा झाला तो मोडला, ते तुला माहीतच असेल." मला माहीत नव्हतं. मग ते सगळं झालं. त्यात मेथी निवडून संपली.

परत टाकीकडे यायला पाव तास लागला.

खरं दुखणं मी सांगितलं नव्हतं, ते आता निघालं. दिवाळीच्या साफसफाईत मी टाकी पूर्ण रिकामी केली होती. खडे साबणानं घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला, नवं पाणी भरलं. टाकी दुकानातल्यासारखी चमकली. भाऊबीजेला तीन मासे उलटे तरंगत होते. तेव्हा मी काकूंना सांगितलं होतं, नजर लागली.

आता खरं सांगितल्यावर पेपर खाली आला. काकांचा चेहरा दिसला, म्हणजे गोष्ट गंभीर.

"सूनबाई, मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच बाकी सगळं करतो. त्यातून अमोनिया होतो, तो विषारी. स्पंजमध्ये आणि खड्यांवर जिवाणू राहतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, नायट्रेट त्या मानानं सौम्य. तू ती सगळी वस्ती धुऊन काढलीस. नव्यानं बसायला तिला महिना-दीड महिना लागतो."

काकूंनी लगेच सोपं केलं. "म्हणजे विरजणाचं भांडंच घासून टाकलंस की गं. आता दही कशानं लागणार?"

मी हे वाक्य घरी जाऊन टाकीसमोर उभी राहून आठवलं आणि खरंच वाईट वाटलं. स्पंज धुवायचा, पण टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, दोनदा दाबून, बस्स. साबण टाकीच्या आसपासही नको. आणि नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येतो, ते क्लोरिन जिवाणूंनाही मारतं आणि माशांचे कल्लेही जाळतं. गंभीर धरणाचं पाणी नळाला आलं की बादली रात्रभर उघडी ठेवायची, किंवा हायपोचे एक-दोन खडे टाकायचे. काकांच्या मित्राचा फोटो स्टुडिओ होता. तिथं फोटो पक्का करायला जो हायपो लागायचा, तोच हा. स्टुडिओ बंद झाले, हायपो माशांच्या दुकानात आला.

"पण काई?" मी विचारलं. "ती तर अजून आहेच."

"कुठली?" काका म्हणाले.

मला वाटलं होतं काई म्हणजे काई. तसं नाही. टाकी नवी असताना काचेवर तपकिरी धूळ बसते, बोटानं पुसली जाते. ते डायटम. महिना-दोन महिन्यांत बहुधा आपोआप जातात, घाबरायचं नाही. काचेवर हिरवे घट्ट ठिपके बसतात, ते जुन्या ब्लेडनं खरवडावे लागतात. पाणीच मुगाच्या कढणासारखं हिरवं झालं तर ती पाण्यात तरंगणारी एकपेशीय काई, तिला पुसणार कशी? आणि निळसर हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून निघणारी, मातकट वासाची जी असते ती तर काईच नव्हे, ते जिवाणू. माझ्याकडे काचेवर ठिपके होते आणि पाणी कढण. दोन्ही.

"काई उपटायची नसते, तिचं खाणं बंद करायचं असतं," काका म्हणाले. "तिला लागतं ऊन आणि लागतं नायट्रेट-फॉस्फेट. ऊन तू खिडकीतून देतेस. बाकीचं कोण देतं?"

इथं आमच्या घराची अब्रू गेली. सकाळी सासूबाई पूजा झाल्यावर माशांना चिमूटभर घालतात. हे ऑफिसला जाताना घालतात. मुलगा शाळेतून आला की घालतो, कारण मासे "मागतात". रात्री जेवणं झाली की हे परत घालतात. चार वेळा, आणि चारही जणांची चिमूट वेगळी.

"श्राद्धाचा कावळासुद्धा इतकं खात नाही," काकू म्हणाल्या.

गोल्डफिशला पोट असं नसतंच म्हणे, म्हणून तो कायम भुकेलाच दिसतो. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढंच घालायचं. आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. सासूबाईंना हे कसं पटवायचं या काळजीत मी होते. घरी जाऊन म्हटलं, माशांचा उपास ठरलाय. त्या इतक्या खूश झाल्या की आता एकादशीचा उपास वेगळा मोजतात.

उन्हाचं मात्र अवघड होतं. पाणी आणि खडे मिळून टाकीचं वजन साठ-सत्तर किलो. भरलेली सरकवायची नाही, काच तडकते. रिकामी करून सरकवली असती, पण ईशान्य सोडून जायला ह्यांचा नकार. शेवटी कोपऱ्यावरच्या छिप्यांकडून जाड बाटिकची चादर आणली, मेणाचे बारीक तडे असलेली, गडद निळी, आणि तिचा पडदा केला. टाकीचा दिवा दहा तास जळायचा, तो सहावर आणला. पडदा बघून कोपऱ्यावरच्या बंगलेवाल्या बाईंनी किंमत विचारली. मी दुप्पट सांगितली.

दुकानदारानं आधीच उपाय सुचवला होता, एक सकर घेऊन जा, काई खाऊन टाकतो. काळा, हाडांचं चिलखत घातलेला, काचेला तोंड चिकटवून बसणारा मासा. मोठा झाला तर? "तर रामघाटावर सोडून द्या, पुण्य लागेल."

हे मी भिंतीवरून सांगितलं तेव्हा काका उभेच राहिले. तो दक्षिण अमेरिकेतला मासा, दीड फुटापर्यंत वाढतो, खातो तेवढीच घाण करतो. मोठा झाला की काई सोडून माशांचं खाणं ओरपतो. काठात बिळं करून अंडी घालतो. लोकांनी असेच हौसेनं सोडले, आणि 2020 मध्ये वाराणसीजवळ गंगेत सापडला. "शिप्रेला आधीच काय कमी सोसावं लागतं?" म्हणून ते पुन्हा बसले.

मग अर्थात शिप्रा निघाली. भैरवगढात कुठल्याही गोष्टीतून शेवटी शिप्राच निघते. आदल्या रविवारी आम्ही सगळे कालियादेहला गेलो होतो, तिथली कुंडं मी पाहिली. नदीच्या बेटावरचा महाल, पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीचा, माळव्याच्या सुलतानांचा. नदीचं पाणी नागमोडी पन्हळांतून एका कुंडातून दुसऱ्यात खेळवलेलं. लोक बावन्न कुंड म्हणतात. 1920 मध्ये माधवराव शिंद्यांनी त्याची डागडुजी केली, हे काकू कुणालाही आधी सांगतात.

"आणि त्या सुलतानाची गोष्ट?" काकूंचे डोळे चमकले. "नासिरुद्दीन. अंगात इतकी उष्णता की सदा पाण्यात. एकदा प्यायलेला असताना कुंडात पडला, नोकरांनी केस धरून ओढून काढलं. शुद्धीवर आल्यावर केस कुणी धरले म्हणून विचारलं, आणि त्याचे हात तोडले. पुढच्या वेळी पडला तेव्हा कुणी पुढं झालंच नाही!" हे जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पण काकू सांगतात तेव्हा वाटतं, त्या भिंतीपलीकडे उभ्या होत्या.

आम्ही गेलो तेव्हा जिथं पाणी वाहत होतं तिथं तळाचा दगड दिसत होता, आणि जिथं साचलं होतं तिथं हिरवी साय. मी म्हटलं, म्हणजे वाहतं असलं की झालं. काका म्हणाले, अर्धंच. वाहत काय येतं ते बघ. इंदूरचं सांडपाणी घेऊन कान्ह येते आणि उज्जैनच्या आधीच शिप्रेला मिळते. 2014 मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी चढवून शिप्रेत आणलं. 2016 च्या सिंहस्थासाठी कान्हचं पाणी पाइपातून घाटांना वळसा घालून कालियादेहच्या पलीकडे सोडलं. 2028 च्या सिंहस्थासाठी पुन्हा नवा बंद कालवा बांधतायत. नदीला जेवायला घालणारे चार नाहीत, लाखो आहेत, आणि चिमूट कुणी मोजत नाही. जलकुंभी वाढते म्हणून तिला दरवर्षी उपटतात.

"आम्ही दिवाळीत टाकी घासली तशी," मी म्हटलं.

काका काही बोलले नाहीत. पेपर पुन्हा वर गेला.

एक गोष्ट त्यांनी पेपरच्या आडूनच सांगितली, ती मला आधी कळायला हवी होती. काई दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री उलट ओढून घेते. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. म्हणून मे महिन्यात पहाटे माझे मासे वर येऊन तोंडं उघडायचे. सासूबाई म्हणायच्या, नामस्मरण करतात. आणि आवाज होतो म्हणून हे रात्री हवेचा पंप बंद करायचे. बंद करायचाच तर दिवसा करावा. मी तर आता कधीच करत नाही.

सगळं मिळून दोन महिने लागले. उरलेल्या सहांपैकी तीन मासे काकूंच्या भाच्याकडे गेले. त्याच्याकडे अंगणात सिमेंटचा मोठा हौद आहे. काळा मी ठेवला. मागे मनी प्लँटच्या दोन फांद्या मुळं पाण्यात सोडून लावल्या, त्या नायट्रेट पितात आणि पानं ताटलीएवढी होतात. पाण्याचं कढण आधी गेलं, ठिपके अजून येतात. समोरची काच ब्लेडनं खरवडते, मागची तशीच सोडते. काळा मासा दुपारभर तिथंच तोंड लावून असतो, आणि नितळ काचेपेक्षा मला ती हिरवी पाठ बरी वाटायला लागलीय, हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.

दर रविवारी सकाळी बारा लिटर पाणी काढते, एक बादली. पिवळट असतं, खतच ते. ती बादली भिंतीवर ठेवली की काकू उचलून मोगऱ्याला घालतात आणि बादली परत येताना तिच्यात कढीपत्ता नाहीतर लिंबं असतात. गेल्या रविवारी रिकामीच आली. कोपऱ्यावरच्या बंगल्यातला अरोवाना टाकीबाहेर उडी मारून मेला, आणि हे मला काकूंच्या आधी कळलं होतं.